दवाखान्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आपल्या ठाणे-कल्याणच्या मंडळींनी त्या म्हणीला दवाखान्याची पायरी केव्हा जोडून दिली कोण जाणे! ताप आला, अंग मोडून आले, छातीत कफ घरघरू लागला, तरी आपण प्रथम आल्याचा रस घेतो, मग अडुळशाचा काढा घेतो, मग निलगिरीच्या तेलाची वाफ घेतो, आणि सुंठेवाचून खोकला जातो का याची वाट पाहत बसतो. बहुतेक वेळा तो जातोही. पडसे हा मुळात चार दिवसांचा पाहुणा. पण काही घरांतून हा पाहुणा जाता जाता घरातले माणूस घेऊन जातो. कोणत्या घरातून नेतो, कोणाला नेतो आणि कोणाला सोडतो, याला इतिहास आहे. तो इतिहास आपल्याच रेल्वेच्या रुळांवरून, आपल्याच चाळींतून आणि पाड्यांतून गेलेला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर आजारपणाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सणासुदीलाच घरातली सगळी माणसे एका ठिकाणी जमतात, आणि घरात कोण दुबळे आहे, कोणाला जपले पाहिजे, हे त्याच वेळी डोळ्यांना दिसते.

शाळामास्तराला या विषयाची एक सोपी पोथी रोज हाताळावी लागते. ती म्हणजे वर्गाचा हजेरीपट. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा तो कोरा करकरीत असतो. जुलैचा पाऊस लागला की त्यात गैरहजेरीच्या खुणा दिसू लागतात. एका बाकावरची दोन मुले जातात, मग मागच्या बाकावरची, आणि ऑगस्टपर्यंत निम्मा वर्ग खोकून मोकळा होतो. शास्त्रज्ञांचे म्हणणे याहून फारसे निराळे नाही. इंग्रजी पुस्तकांत फ्लू हा हिवाळ्याचा रोग म्हणून सांगितलेला असतो, आणि श्रीनगरकडे तो खरोखरच हिवाळ्यात येतो. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या महिन्यांत असतो. थंडीत तो पुन्हा एकदा डोके वर काढतो, पण थोडेसे. दारे-खिडक्या बंद, ओले कपडे घरात वाळत घातलेले आणि लोकलच्या डब्यात माणसांवर माणसे, हे सारे त्याच्या पथ्यावरच पडते.

इन्फ्लुएन्झा हा शब्द मूळचा इटालियन. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने हा रोग येतो असे तिकडे मानीत, म्हणून त्याला ‘प्रभाव’ हेच नाव पडले. आपल्या लोकांनी ताऱ्यांकडे न पाहता रोग्याकडे पाहिले आणि १९१८ सालच्या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. मान टाकून माणूस पडे तो अनेकदा उठतच नसे. या एका शब्दात त्या वर्षाचा सगळा इतिहास साठला आहे.

त्या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या गोदीत होतो. १९१८ च्या मे अखेरीस महायुद्धाच्या धामधुमीत जहाजे ये-जा करीत होती. १० जून रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. तो ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या आठ-दहा दिवसांत पोर्ट ट्रस्टचे नोकर, तारखात्यातली माणसे, टांकसाळीतले कामगार, गिरणी कामगार असे एकामागून एक पडू लागले. रोग जहाजातून शहरात आला की शहरातून जहाजात गेला, यावर नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉक्टर टर्नर आणि सरकार यांच्यात वादही झाला. सरकारी वाद चालू राहिला आणि रोग पुढे गेला, हे ओघाने आलेच.

ही पहिली लाट सौम्य होती. जुलैत ती ओसरली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सप्टेंबरात दुसरी लाट आली ती काळासारखी. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ माणसे दगावली. पंचांगाच्या हिशेबाने ते घटस्थापनेच्या सुमाराचे दिवस. घरोघर घट बसायचे, तेथे ताटी बांधण्याची घाई चालली होती.

मुंबईत जे येते ते ठाण्या-कल्याणला यायला किती वेळ लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ ला हिंदुस्थानातली पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोचली. तेथून एक फाटा बोरघाट चढून पुण्याला गेला, दुसरा थळघाट चढून नाशिककडे. प्लेगच्या दिवसांत सरकारने याच कल्याण स्थानकावर उतारूंना उतरवून त्यांची तपासणी केली होती, ती उगाच नव्हे. देशावर जाणाऱ्या साऱ्या माणसांना या एका दरवाजातून जावे लागे. प्लेगच्या गाठी डोळ्यांना दिसत तरी. मानमोडीचा उतारू वरून धडधाकट दिसे आणि दोन दिवसांनी आपल्या गावी जाऊन पडे. रेल्वेने ही साथ देशभर वाहून नेली, असे हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीही नोंदले आहे. आगगाडीने कल्याणला भरभराट दिली, तशीच ही साथही दिली. एकाच रुळावरून दोन्ही आल्या.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे झाले. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महागले होते. ठाणे जिल्हा हा भाताचा मुलूख. कापणीच्या ऐन हंगामात घरातली कर्ती माणसे अंथरुणावर पडली. शेतात जे थोडे पिकले होते ते कापायलाही हात उरले नाहीत. अशा अर्धपोटी शरीरात रोग शिरला की त्याला अडवणार कोण?

आता या लेखातली मुख्य गोष्ट. मुंबई शहराने त्या साथीत मेलेल्यांचा जातवार आणि जमातवार हिशेब ठेवला होता. तो आजही वाचताना माणूस सुन्न होतो. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३ होते, पारशांत ९, अँग्लो-इंडियनांत ११.९. हिंदी ख्रिस्ती, मुसलमान आणि इतर हिंदू या तिघांतही ते १८ ते १९ च्या आसपास होते. आणि सरकारी कागदांत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ असे म्हटले होते, त्या आपल्या दलित बांधवांत हे प्रमाण होते ६१.६. म्हणजे एका गोऱ्या साहेबामागे त्यांची सात माणसे! रोग तोच, शहर तेच, हवा तीच. विषाणूला जात कळत नाही. पण खोली किती माणसांची, खिडकी किती मोठी, पोटात किती अन्न, आजारी पडल्यावर पाण्याचा पेला हातात देणारे घरात कोणी उरले आहे की सगळेच पडले आहेत, हे सारे जातीने आणि पैशाने ठरत होते. त्या वेळी या रोगावर औषध कोणाकडेच नव्हते. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. तेव्हा साहेब वाचला तो औषधाने नव्हे, तर मोकळी जागा, अन्न आणि शुश्रूषा यांच्यामुळे, हे उघड आहे.

आणखी दोन गोष्टी त्या साथीत दिसल्या. एरवी फ्लू बळी घेतो तो तान्ह्या मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा. मानमोडीने नेली ती वीस ते चाळीस वर्षांची तरणीताठी माणसे. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या. याचे कारण शोधायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. घरात शेवटी जेवणारी ती, सगळ्या रोग्यांच्या उशाशी बसणारी ती, आणि स्वतःला ताप आला तर ‘होईल बरे’ म्हणून चुलीपुढे उभी राहणारीही तीच.

मग इस्पितळे काय करीत होती? होती तीच थोडी, त्यात बरेच डॉक्टर युद्धावर गेलेले. शिवाय प्लेगच्या काळापासून लोकांना इस्पितळाचा धसका बसलेला. तेथे नेलेला परत येत नाही, हा समज पक्का. त्यामुळे दवाखान्याची पायरी लोक चढेनात. तेव्हा काही शहाण्या माणसांनी उलटा विचार केला. लोक दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखाना लोकांकडे नेऊ या! ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे आणि इतर संस्थांचे स्वयंसेवक मुंबईच्या चाळीचाळींतून हिंडले. औषध वाटले, दूध वाटले, पडलेल्यांची विचारपूस केली. त्या औषधाचा गुण किती आला असेल ते सांगता येत नाही, पण दुधाचा आणि विचारपुशीचा आला असणार यात शंका नाही.

त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे मेली? सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ साली सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. शिरगणती सुरू झाल्यापासून दहा वर्षांत माणसे घटल्याचे हे एकच उदाहरण.

एवढा संहार करून गेलेल्या त्या शत्रूचे तोंड मात्र कोणी पाहिले नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये इंग्लंडात हाती लागला, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला माणसाचे पडसे लावून. पुण्याला १९५२ साली विषाणु संशोधन केंद्र निघाले, तेच पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या छातीत घर करणारा आर.एस.व्ही. हा विषाणू सापडला. प्रथम तो चिंपांझींत आढळला होता. १९५७ च्या उन्हाळ्यात आशियाई फ्लू समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि लक्षावधी लोकांना झोपवून गेला. पण या वेळी मृत्यू मानमोडीच्या मानाने फारच थोडे झाले. न्यूमोनियावर आता औषधे होती.

पुढे ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. महाराष्ट्रभर शाळांना कुलपे लागली आणि तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या साथीने पुन्हा तरुण माणसे आणि विशेषतः गरोदर बाया गाठल्या. मग २०२० चा कोरोना आला. त्याने मुलांना बहुतांशी सोडले आणि साठीच्या पुढची व मधुमेही माणसे धरली. आपल्या भागाने त्या वर्षी जे पाहिले ते शंभर वर्षांपूर्वीच्या कथेशी विलक्षण जुळते. मार्चच्या अखेरीस लोकल बंद झाली. पण मुंबईच्या इस्पितळांतल्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस राहतात कोठे? कल्याणला, डोंबिवलीला, बदलापूरला. ते रोज मुंबईला जात होते आणि रोज घरी येत होते. मे महिन्यात तर कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत काम करणाऱ्यांनी तिकडेच राहावे असा हुकूम काढला, आणि थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्याला त्याच्याच गावाच्या वेशीवर अडवायचे कसे? १५ जूनपासून त्यांच्यासाठी लोकल पुन्हा धावू लागली. साथ रुळावरून आली हे खरे, पण शुश्रूषाही त्याच रुळावरून गेली, हे विसरून चालणार नाही.

१९०१ साली ठाणे शहराची वस्ती सुमारे १६ हजार होती. २०११ च्या शिरगणतीत ठाण्यात १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांवर माणसे मोजली गेली. डोंबिवली तर मानमोडीच्या वेळी भातशेतीतले एक खेडेच. आज कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही सार्वजनिक रुग्णालये आहेत, आणि २०१४ पासून १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते. पायऱ्या वाढल्या. पण त्या चढण्याची वेळ कोणाची कशी येते, हे अजून समजून घ्यायला हवे.

पहिले येते ते तान्हे बाळ. आर.एस.व्ही. हा विषाणू दोन वर्षांच्या आत बहुतेक प्रत्येक मुलाला एकदा तरी गाठतो, आणि बहुतेकांना साध्या पडशावर सोडतो. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात की थोडी सूज आली तरी वाट बंद होते. बाळ बोलत नाही, पण त्याचे पोट आणि बरगड्या बोलतात. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगे पडू लागले, नाकपुड्या फुलू लागल्या, दूध ओढवेना, तर तो क्षण काढ्याचा नव्हे.

दुसरे येते ते दम्याचे मूल. साध्या पडशाचा विषाणू त्याचा दमा उसळवतो. इंग्लंड-कॅनडात सुटी संपून सप्टेंबरात शाळा भरल्या की अशा मुलांची इस्पितळात रीघ लागते, हे तेथल्या डॉक्टरांनी कित्येक वर्षे पाहिले आहे. मुले एकमेकांना खोडरबर देतात तसे पडसेही देतात. अशा मुलाच्या दप्तरात डब्याबरोबर श्वासाचा पंपही असला, आणि तो वापरताना त्याला लाज वाटू दिली नाही, तर बरेच साधते.

तिसऱ्या येतात त्या गरोदर बाया. शेवटच्या महिन्यांत छातीला जागा कमी, आणि शरीराची लढण्याची रीतही बदललेली. घरातली मंडळी मात्र ‘या दिवसांत औषध नको’ म्हणून थांबवतात. २००९ ने शिकवले ते नेमके याच्या उलट. अशा वेळी फ्लूवरचे औषध जितके लवकर मिळेल तितके चांगले, आणि गरोदरपणात घेतलेली फ्लूची लस आईबरोबर जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने सांभाळते.

चौथे म्हातारे. त्यांच्या आजाराचे लक्षण फार फसवे. पुष्कळदा ताप येतच नाही. आजोबा एकाएकी भलतेच बोलू लागतात, जेवत नाहीत, चालताना पडतात, आणि घरचे म्हणतात, वय झाले! त्या बडबडीमागे न्यूमोनिया दडलेला असू शकतो. शिवाय फ्लूच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे आढळले आहे. ज्यांना साखर आहे, हृदयाचे दुखणे आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि पाचवा तो, जो येतच नाही, किंवा फार उशिरा येतो. मजुरी बुडेल म्हणून तापात नाक्यावर उभा राहणारा बिगारी. चार घरची धुणीभांडी आटोपून, खोकत खोकत स्वतःच्या चुलीपुढे बसणारी बाई. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून झोळी करून आणावा लागणारा रोगी. त्याच्या अंगात शिरलेला विषाणू काही अधिक जहरी नसतो. त्याचे दोन दिवस वाटेत गेलेले असतात, इतकेच. तातडीच्या विभागातला डॉक्टर घड्याळ पाहतो ते रोगी आल्यापासून; रोगाचे घड्याळ मात्र केव्हाच सुरू झालेले असते. १९१८ च्या त्या कोष्टकातले ६१.६ आणि ८.३ या दोन आकड्यांतले अंतर हे पुष्कळसे याच अर्थाचे अंतर होते. आज कोणी असे जातवार कोष्टक मांडीत नाही. पण अंतर सारे मिटले, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

इतिहास वाचून निराश व्हायचे कारण मात्र नाही. मानमोडीच्या वेळी डॉक्टरांपाशी प्राणवायूची नळी नव्हती, जंतुनाशक औषध नव्हते, लस नव्हती, शत्रूचे नावही ठाऊक नव्हते. आज हे सारे आहे. विषाणू दरवर्षी वेष पालटतो, म्हणून फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र कोरोनाने घरोघर पोचवले. ते कपाटात धूळ खात असेल तर पुसून ठेवावे. आणि जे या कशातच येत नाही, ते दूध आणि विचारपूस, त्याचे मोल १९१८ त होते तेवढेच आजही आहे. शेजारच्या खोलीतली एकटी म्हातारी दोन दिवस दाराशी दिसली नाही, कामवाली बाई खोकत आली, तर तिला चार दिवसांची पगारी रजा देऊन दवाखान्यात पाठवणे, हे त्या चाळीचाळींतून हिंडलेल्या स्वयंसेवकांचेच काम पुढे चालवणे आहे.

म्हणी आपल्या शहाणपणाच्या असतात, पण त्या कोर्टापुरत्याच ठेवाव्यात. दवाखान्याची पायरी शहाण्याने वेळेवर चढावी, आणि ज्याचे पाय उचलत नाहीत त्याला हात द्यावा. आता राहिला दिवाळीचा प्रश्न. भाऊबीजेला बहिणीकडे अवश्य जावे, करंज्या मनसोक्त खाव्यात. मात्र आपल्याला कणकण असेल तर तिच्या तान्ह्या बाळाचा पापा यंदा दुरूनच घ्यावा, आणि आजोबांच्या पाया पडायचे ते उंबऱ्यावरून पडावे. आशीर्वाद तेथूनही तेवढाच लागतो.